दोन क्रेन, एक जिन्नाप्पा

जिन्नाप्पाने कानाची पाळी धरली, तसा माझा हात आपोआप सैल पडला आणि क्रेन हळू झाली. मग माझ्या लक्षात आलं, तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो मान वर करून पलीकडच्या क्रेनकडे बघत होता, आणि पलीकडची क्रेनही हळू झाली होती.

पलीकडच्या क्रेनमध्ये नसीमा मुजावर बसायची. आयटीआय झालेली, रुकडीहून स्कूटीवर येणारी, ओढणी हेल्मेटच्या आत घट्ट बांधून शिडी सरसर चढणारी पोरगी. आमच्या फौंड्रीत बाईमाणूस क्रेनवर बसल्याचं तोवर कुणी बघितलं नव्हतं, त्यामुळे पहिला आठवडाभर सगळे माना वर करून तिलाच बघत होते. मला त्याचं काही वाटलं नाही. क्रेन बाईने चालवली काय आणि बाप्याने चालवली काय, लोखंडाला त्याचं सोयरसुतक नसतं. पण कानाची पाळी आमची होती. ती तिला दाखवलेली बघून माझ्या अंगाची लाही लाही झाली.

हे नीट सांगायला हवं. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमची लोखंड वितळवून ओतायची फौंड्री होती. शेडच्या छपराखाली दोन्ही भिंतींच्या कडेने रूळ, आणि त्या रुळांवर पुढेमागे जाणाऱ्या दोन क्रेन. क्रेन चालवणारा वर टांगलेल्या केबिनमध्ये बसतो. खाली भट्टीचा, पंख्यांचा, घासकामाचा एवढा गोंगाट असतो की ओरडून घसा फुटला तरी वर ऐकू येत नाही. म्हणून खाली एक माणूस उभा राहतो आणि हातांनी खुणा करतो. त्याला आम्ही सिग्नलमन म्हणायचो. वरच्याने फक्त त्याच्याकडे बघायचं आणि तो सांगेल तेवढंच करायचं. वरच्याला टनाटनाचा बोजा दिसतो, पण त्या बोजाच्या पलीकडचं माणूस दिसत नाही. ते सिग्नलमनला दिसतं. एका अर्थी वरचा आंधळा असतो आणि खालच्याच्या डोळ्यांनी चालतो.

माझे डोळे म्हणजे जिन्नाप्पा मगदूम. आम्ही एकाच महिन्यात कामाला लागलो आणि लागल्यापासून जोडीने काम केलं. आमच्या खुणा कुठल्या पुस्तकातल्या नव्हत्या. जिन्नाप्पाने मिशीला पीळ दिला की उचलायचं. पोटावरून हात फिरवला की खाली सोडायचं. कानाची पाळी धरली की हळू, आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले की जागच्या जागी थांबायचं. सुरुवातीला थट्टेत चाललं होतं हे. तेव्हाचा फोरमन मिशीला पीळ देत हिंडायचा, त्याची नक्कल करता करता खूण झाली. पुढे ती अंगवळणी पडली. माझ्याकडूनही एक खूण होती. एकदा जिन्नाप्पाच्या पाठीमागून ट्रॉली आली. मी क्रेनची घंटा वाजवून वाजवून दमलो, पण घंटा तर दिवसभर वाजतेच, तिच्याकडे कोण बघणार? शेवटी मी केबिनमधला दिवा फटाफट बंदचालू केला, आणि त्याने वळून बघितलं. तेव्हापासून दिवा मिचकावला की मागं बघ, असं ठरलं. ही खूण माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला करता येत नव्हती, कारण दुसरी क्रेन तेव्हा आलेली नव्हती आणि वर मी एकटाच होतो.

त्या वर्षी मालकांनी सुरक्षेचं नवीन खातं काढलं. हेल्मेट, बूट, कठड्यांना पिवळा रंग, सगळं आलं. त्यात एक तक्ताही आला. सिग्नलच्या खुणा जगभर सारख्या असतात म्हणे. हात वर करून बोट गोल फिरवलं की उचल, हात खाली करून फिरवलं की सोड, वगैरे. कँटीनमध्ये वर्ग भरला. मी मागच्या बाकावर बसलो, चहा प्यायलो आणि मधूनच उठून आलो. आमचे सुपरवायझर हुपरीकर साहेब मागोमाग बाहेर आले. म्हणाले, खोत, हे सगळ्यांना शिकावं लागेल. मी म्हटलं, साहेब, माझ्या हातून आजवर खालच्या कुणाच्या नखाला धक्का लागलेला नाही, मला आता हातवारे शिकवू नका. ते वर्गात परत गेले. मला वाटलं, विषय संपला.

आणि मग दुसरी क्रेन आली, आणि तिच्यावर नसीमा. तिच्यासाठी वेगळा सिग्नलमन तयार होईपर्यंत जिन्नाप्पाने दोन्ही क्रेन सांभाळायच्या, असं ठरलं. म्हणजे सकाळी माझ्याकडे, दुपारी तिच्याकडे. दुपारी माझ्या खाली पाटोळे नावाचा नवा माणूस उभा राहायचा. तो तक्त्यातल्या खुणा करायचा आणि मी त्या न कळल्यासारखं करून क्रेन उभीच ठेवायचो. मग पाटोळे शिडी चढून वर येऊन तोंडाने सांगायचा. बिचारा दिवसभर शिडीवरच असायचा.

जेवणाच्या सुट्टीत तर माझा तिळपापड व्हायचा. जिन्नाप्पा जैन, कांदालसूण न खाणारा. माझी बायको मालन त्याच्यासाठी वेगळी बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी करून द्यायची, आणि आम्ही दोघे करंजाच्या झाडाखाली बसून डबा खायचो. आता तिथे तिसरा डबा आला. नसीमा घरच्या परड्यातले पेरू आणायची. जिन्नाप्पा मीठ लावून पेरू खाणार, आणि खाता खाता पोटावरून हात फिरवणार, आणि ती हसणार. एकदा मी हात धुवून येतोय तोवर दोघं समोरासमोर उभी होती. जिन्नाप्पा मिशीला पीळ देत होता आणि ती बोटाने वर दाखवत होती. मी आल्यावर दोघांनीही हात खाली घेतले. मी डबा झाकला आणि उठलो. जिन्नाप्पा म्हणाला, चटणी तरी ठेव की. मी म्हटलं, पेरू आहेत ना.

घरी मालनला सांगितलं, तर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"सवत आली म्हणायची तुमच्यावर," ती म्हणाली. "इतकी वर्सं मी त्या जिन्नाप्पाभावजींवर जळत हुते. आता तुमची पाळी."

मी रागाने जेवणावरून उठलो. पण बाई खोटं बोलत नव्हती. मला जिन्नाप्पा परत हवा होता, पूर्ण, सकाळ आणि दुपार. आणि त्या पोरीला आमच्या खुणा का शिकवल्या, हे त्याला विचारायची माझी हिंमत होत नव्हती. विचारलं तर पोटातलं दुखणं ओठांवर आलं असतं. मी मूग गिळून बसलो आणि वरून बघत राहिलो. कधी कधी माझ्या खालचा पाटोळे हात हलवत असायचा आणि माझे डोळे पलीकडे असायचे.

अशातच एक मोठं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून केलेलं लोखंडी काम, निघालं. पत्रा दाबायच्या एका प्रेसचा सांगाडा होता, एखाद्या खोलीएवढा. एका क्रेनला तो झेपणारा नव्हता. माझ्या क्रेनने त्याची मागची बाजू धरायची, नसीमाच्या क्रेनने पुढची, आणि दोघांनी एकाच चालीने शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा. असं जोडीने उचलणं म्हणजे सगळ्यात अवघड काम. एक क्रेन थांबली आणि दुसरी चालत राहिली तर बोजा तिरका होतो, झोका घेतो, दोर निसटतो. मग त्याच्या वाटेत जे असेल ते संपतं.

सकाळीच हुपरीकरांनी आम्हाला खाली बोलावलं. मी, नसीमा आणि जिन्नाप्पा. साहेब मला म्हणाले, "खोत, आज दोन्ही क्रेनला एकच सिग्नलमन आहे. तो एकाच वेळी दोन प्रकारच्या खुणा करू शकत नाही. तुम्ही तक्त्याप्रमाणे चालणार का?"

मी म्हटलं, जिन्नाप्पा माझ्याशी आमच्याच खुणांनी बोलेल. साहेबांचा चेहरा बदलला. ते काहीतरी म्हणणार एवढ्यात जिन्नाप्पा मध्ये पडला. साहेब, जरा इकडं या, म्हणून त्याने त्यांना बाजूला नेलं. मग नसीमालाही हाक मारली. तिघं भट्टीच्या अंगाला उभी राहून बोलत होती. साहेब मान हलवून नाही म्हणत होते, जिन्नाप्पा हात जोडल्यासारखं करत होता, नसीमा मध्येच काही सांगत होती. मी लांबून बघत होतो. मला वाटलं, ही पोरगी आता जिन्नाप्पाला कायमची मागून घेतेय. शेवटी साहेब एकदाचे हो म्हणाले. जिन्नाप्पा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "चढ वर. आपल्याच खुणा."

मी शिडी चढलो ती छाती फुगवून. मनात म्हटलं, आता कळेल सगळ्यांना. आज बोजा नीट गेला की साहेब स्वतः म्हणतील, खोत आणि मगदूम ही जोडी फोडायची नाही.

शेडमधली सगळी माणसं बाजूला काढली होती. दोर बांधणारे लोक मागे, माझ्या बाजूला होते, त्यांच्याजवळ हुपरीकर साहेब. पुढे एकटा जिन्नाप्पा. त्याने मिशीला पीळ दिला. माझ्या क्रेनने दोर ताणला, तिच्या क्रेनने ताणला, आणि तो राक्षस जमिनीवरून अलगद सुटला. मला कबूल करावं लागेल, तिचा हात सुरेख होता. माझ्यापेक्षा एक बोटही वरखाली नाही. ते बघूनही मला बरं वाटलं नाही.

एका क्रेनचं काम असलं की जिन्नाप्पा बोजाच्या कडेकडेने चालायचा. त्या दिवशी कडेने चालून भागणार नव्हतं, कारण कडेला राहिला तर दोघांपैकी एकाला तो दिसला नसता. म्हणून तो बोजाच्या पुढे राहून, आमच्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी चालत होता. एकदा तिच्याकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. पुन्हा तिच्याकडे. माझं सगळं लक्ष तो कुणाकडे जास्त वेळ बघतो यावर होतं. मला वाटत होतं, तिच्याकडेच जास्त. ती जवळ होती, पुढच्या क्रेनवर, म्हणून असेल. पण तेव्हा मला ते पटलं नसतं.

शेडच्या मध्यावर ओतकामाचा खड्डा होता. मोठी कास्टिंग आम्ही जमिनीत साचा पुरून ओतायचो. आदल्या दिवशी ओतलेलं एक काम त्यात निवत पडलं होतं, अजून लाल. खड्ड्याला पिवळा कठडा होता, पण आमचा बोजा तिथून वळताना कठड्याला लागला असता, म्हणून एका बाजूचा कठडा सकाळीच काढून ठेवला होता. काढायला जिन्नाप्पानेच लावला होता. खड्डा कुठे आहे हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण आजवर त्याला वर एकच चेहरा बघायचा असायचा, उरलेलं लक्ष त्याच्या पायांत असायचं. त्या दिवशी वर दोन चेहरे होते आणि पायांसाठी काही उरलं नव्हतं.

वळणावर आलो. जिन्नाप्पाने कानाची पाळी धरली. हळू. मी हळू केलं. माझ्या केबिनमधून मला बोजाच्या वरच्या कडेवरून त्याचं डोकं आणि हात दिसत होता. त्याचे पाय आणि त्याच्या मागची जमीन बोजाआड होती. खूण स्पष्ट होती, म्हणून मी चालत राहिलो. हळू, पण चालत. तो मागे सरकत होता आणि आम्ही पुढे येत होतो.

आणि पलीकडच्या केबिनमधला दिवा विझला.

विझला, लागला, विझला, लागला.

एक क्षणभर मला फक्त राग आला. माझा दिवा. वरून करायची एकच खूण, तीसुद्धा त्याने हिला दिली. हे सगळं मनात यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आधीच माझ्या हाताने क्रेन बंद केली होती. मन मागून आलं. इतक्या वर्षांत त्या दिव्याचा अर्थ माझ्या हातात मुरला होता. मागं बघ. जिन्नाप्पाच्या मागे काहीतरी आहे.

दोन्ही क्रेन एकाच वेळी थांबल्या. बोजा जरासा हेलकावला आणि जागेवर आला. जिन्नाप्पाने मान मागे वळवली. मग तो तसाच, मान मागे, हात कानाशी, पुतळ्यासारखा उभा राहिला. बराच वेळ तो हललाच नाही. नंतर त्याने एक पाऊल पुढे टाकलं, आणि मला त्याचं डोकंही दिसेनासं झालं. हुपरीकर धावत पुढे गेले. त्यांनी स्वतः उभं राहून हात खाली करून खूण केली. मला ती कळली. बोजा आम्ही दोघांनी खाली टेकवला.

मी शिडी उतरून खाली आलो. खड्ड्याजवळ गेलो. जिन्नाप्पाच्या बुटाचा एक ठसा काठावर होता, अर्धा. टाचेची बाजू नव्हतीच. समोर आमचं कास्टिंग, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर. माझी क्रेन आणखी थोडी चालली असती, तर त्याला ना पुढे जागा होती ना मागे.

तो एका रिकाम्या साच्याच्या पेटीवर बसून पाणी पीत होता. नसीमा शेजारी उभी होती. मी त्याच्यासमोर गेलो. काय बोलायला हवं होतं ते मला माहीत होतं. बरा आहेस ना, असं काहीतरी. माझ्या तोंडून दुसरंच निघालं.

"दिवा हिला कशाला शिकवलास?"

जिन्नाप्पाने ग्लास खाली ठेवला. "आरं लेका, मी आत्ता मरणार हुतो. आन् तू ह्ये इचारतोस?"

"विचारतोय."

"तुझ्यासाठी शिकिवला," तो म्हणाला.

मी हसलो असेन, कारण तो चिडला. एरवी त्याचा आवाज कधी चढत नसे. "हसू नगंस. महिन्याभरापास्नं साहेबांनी ठरिवलंय, जो नव्या खुणा मानणार न्हाई त्यो क्रेनवरनं खाली. तुझं नाव पहिलं. मी म्हटलं, साहेब, त्यो शिकणार न्हाई. मरंल, पर शिकणार न्हाई. त्याला मी वळखतो. मग दोघांच्या खुणा एक कशा हुणार? तर मी हिला इचारलं, बाई, तू शिकशील काय त्याच्या? ती म्हणाली, शिकते. रोज जेवणाच्या सुट्टीत मिशीला पीळ देऊन देऊन माझी मिशी झडायची येळ आली. आन् तू डबा उचलून जातोस."

मी नसीमाकडे बघितलं. तिला तक्त्यातल्या खुणा येत होत्या, चोख येत होत्या, परीक्षेत ती पहिली आली होती. आणि तिने माझ्यासारख्या आडमुठ्या म्हाताऱ्याच्या खुणा पाठ केल्या होत्या, मी खाली उतरवला जाऊ नये म्हणून. सकाळी भट्टीजवळ तिघांचं काय चाललं होतं ते मला आता कळलं. जिन्नाप्पा हात जोडत होता तो माझ्यासाठी.

"बाई, बरं केलंस," मी कसंबसं म्हटलं. "दिवा दाखवलास म्हणून तो मागं बघू शकला."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "तात्या, एक सांगू? रागावू नका. त्यो दिवा मी जिन्नाप्पामामांना दाखवला न्हाई."

"मग?"

"तुम्हाला दाखवला. मामा उभं हुतं तिथनं पुढं काय, मागं काय, सारखंच हुतं. बोजा थांबायला पायजे हुता. मी थांबले असते. पर माझ्या थांबण्यानं तुम्ही थांबला असता काय? मला खात्री वाटली न्हाई. तुम्ही माझं काहीच मानत न्हाई. म्हणून तुमचीच खूण केली."

ती हे टोमणा मारायला म्हणाली नाही. खरं तेवढं सांगत होती. माझ्या पोटात एवढे दिवस जे दुखत होतं, ते त्या वेळी दुखायचं थांबलं असं मी म्हणणार नाही. उलट आणखी दुखलं. माझा जिन्नाप्पा माझ्यापेक्षा तिला नीट कळला होता, आणि मीसुद्धा माझ्यापेक्षा तिलाच जास्त कळलो होतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तक्ता घेऊन करंजाखाली गेलो आणि तिच्यासमोर बसलो. म्हटलं, शिकव. तिने विचारलं, कधीपर्यंत? मी म्हटलं, मला येईपर्यंत. जिन्नाप्पा चटणी खात बघत होता. मला हात वर करून बोट फिरवताना बघून त्याला ठसका लागला. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. फार दिवस लागले नाहीत. अवघड असं त्यात काही नव्हतं, अवघड होतं ते त्या पोरीसमोर मांडी घालून बसणं.

मग एक दिवस हुपरीकरांनी मला विचारलं. पाटोळे आता तयार झाला होता. दोन क्रेन, दोन सिग्नलमन. कोण कुणाकडे द्यायचा? साहेब म्हणाले, "तुमची आणि मगदूमांची जुनी जोडी आहे. आता तुम्ही तक्ता शिकलात. तुम्हाला ते परत हवे असतील तर माझी हरकत नाही."

याच वाक्यासाठी मी इतके दिवस जळत होतो. आणि ते असं आयतं समोर आलं होतं. पण त्याच आठवड्यात तिच्या क्रेनला लॅडल लावायचं ठरलं होतं. लॅडल म्हणजे भट्टीतून निघालेलं पातळ लोखंड नेणारी बादली, माणूस उभा मावेल एवढी. माझ्या क्रेनवर गार लोखंड, तिच्या क्रेनवर उकळतं. ते घेऊन ती पोरगी रोज माणसांच्या डोक्यांवरून नाही तरी शेजारून जाणार होती. तिच्या खाली कालचा पाटोळे उभा राहणार आणि माझ्या गार लोखंडाखाली जिन्नाप्पा, हे गणित मला मांडता येईना. मी खूप मांडून बघितलं.

"तिला द्या," मी म्हटलं.

जिन्नाप्पाला हे कळलं तेव्हा तो माझ्यावर असा भडकला की विचारू नका. "मला इचारलंस काय? ह्या गोठ्यातनं त्या गोठ्यात बांधायला मी काय म्हस हाय?" चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मालनची चटणीसुद्धा त्याने घेतली नाही. पाचव्या दिवशी स्वतःच डबा पुढे केला आणि म्हणाला, "घाल. पोरीचा हात चांगला हाय. मला फार सांगावं लागत न्हाई." मी चटणी घातली. त्याचं ते वाक्य मला मिरचीसारखं झोंबलं.

त्यानंतर आम्ही दोघे निवृत्त होईपर्यंत त्याच शेडमध्ये होतो. माझ्या खाली पाटोळे उभा राहायचा आणि तक्त्यातल्या खुणा करायचा, आणि मी त्याच्यावरून डोळे काढत नव्हतो. पलीकडून लॅडल जायचं, छपरावर लाल उजेड पडायचा, जिन्नाप्पाचा हात वर गेला असणार हे मला कळायचं. बघावंसं फार वाटायचं. पण मी मान वळवली असती, तर तेवढ्यापुरतं पाटोळ्याला वर कुणी नसतं.

एकदा करंजाखाली पेरू खाता खाता जिन्नाप्पाने मला विचारलं, "खरं सांग, अजून जळतोस काय रं?"

"जळतो की," मी म्हटलं. "पण खाली उतरल्यावर."